अंतर किलोमीटरचे की तासांचे?

नंदुरबार : जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, मात्र समुद्राकडे जाणारी वाट या जिल्ह्याने शतकानुशतके सांभाळली. सुरत बंदरातून निघालेले व्यापारी तांडे तापी खोऱ्यातून नवापूर, नंदुरबार असे मुक्काम करीत बुऱ्हाणपूर आणि पुढे आग्र्याकडे जात. १४व्या शतकात इब्न बतुता दौलताबादहून खंबातच्या किनाऱ्याकडे जाताना नंदुरबारला आला होता. १७व्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने या मार्गावरील मुक्कामांची अंतरे कोसांत नोंदविली आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाचे कौतुकही केले. त्याच शतकात नंदुरबारला इंग्रजांची वखार होती.

हा वारसा पर्यटनाच्या नकाशावर आणण्याची चर्चा अधूनमधून होत असते. त्यासाठी अंतरांचे कोष्टक मांडले, तर ते मोहक दिसते. नंदुरबारहून तापी-गोमाई संगमावरील प्रकाशा सुमारे २५ किलोमीटर. दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी १९५०च्या दशकात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. तेथून शहादा सुमारे १५ आणि शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर. नंदुरबार शहरात ९ सप्टेंबर १९४२ रोजी इंग्रजांच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या बालवीर शिरीषकुमार व त्याच्या सोबत्यांचे स्मारक आहे. कागदावर ही सारी स्थळे एका दिवसाच्या टप्प्यात बसतात.

सपाटी आणि सातपुडा

वास्तविक, या जिल्ह्यात अंतर मोजण्याची दोन मापे आहेत. तापीकाठच्या सपाटीवर किलोमीटरचा हिशेब चालतो. उधना-जळगाव रेल्वेमार्ग, सुरत-धुळे महामार्ग आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता यांमुळे हा भाग बाजारपेठांशी जोडलेला आहे. नंदुरबार ते सुरत हे सुमारे १६० किलोमीटरचे अंतर रेल्वेने काही तासांचे असते. सातपुड्याचा पायथा ओलांडला की मात्र तासांचा हिशेब सुरू होतो. अक्कलकुव्याहून मोलगीकडे देवगोई घाटातून जावे लागते. पावसाळ्यात दरड कोसळली की तेच अंतर दुप्पट होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नर्मदाकाठचे मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात प्रथम गाठलेल्या गावांपैकी हे एक. धरणापलीकडे गुजरातमध्ये २०१८ साली सरदार पटेलांचा भव्य पुतळा उभा राहिला आणि तेथपर्यंत प्रशस्त रस्ते व रेल्वे पोहोचली. जलाशयाच्या वाटेने मणिबेली त्या स्थळापासून दूर नाही. परंतु अक्कलकुवा या आपल्याच तालुक्याच्या ठिकाणी जाण्यासाठी तेथील ग्रामस्थांना डोंगर ओलांडावे लागतात. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना सुरू करावा लागला, तो याच कारणाने.

आधी कोणाचा रस्ता?

येथेच धोरणाचा खरा प्रश्न उभा राहतो. पर्यटनासाठी रस्ता करताना दोन प्रेक्षणीय स्थळांमधील अंतर पाहिले जाते. रुग्णासाठी रस्ता करताना पाडा आणि दवाखाना यांमधील अंतर पाहावे लागते. दुर्गम पाड्यांवरून गरोदर मातांना बांबूच्या झोळीतून नेल्याच्या बातम्या जिल्ह्यातून वारंवार येतात. अशा वेळी केवळ तोरणमाळच्या यशवंत तलावापर्यंत गुळगुळीत डांबर पोहोचले, तर विकास झाला असे म्हणता येणार नाही.

मात्र हे दोन्ही रस्ते परस्परांचे शत्रू मानण्याचेही कारण नाही. काठीची राजवाडी होळी, दिवाळीतील अस्तंबा यात्रा, सारंगखेड्याचा घोडेबाजार यांसाठी माणसे दुरून येतात. त्यातील काठी आणि अस्तंबा तर सातपुड्याच्या ऐन गाभ्यात आहेत. यात्रेकरूंसाठी झालेला घाटरस्ता पाड्यापर्यंत वाढविला आणि पावसाळ्यात टिकविला, तर त्याच वाटेने रुग्णवाहिकाही जाईल. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला, तो मुख्यालयाचे अंतर कमी व्हावे म्हणून. ते किलोमीटरमध्ये कमी झाले. तासांमध्ये कमी होणे अद्याप बाकी आहे.