बियांकडून अर्धाच धडा

रुईची फळे फुटली की पांढऱ्या केसांची ‘म्हातारी’ हवेत तरंगू लागते. तिच्या टोकाशी एक लहानसे बी असते. झाडाला चालता येत नाही, म्हणून ते आपले बी वाऱ्याच्या स्वाधीन करते.

अमेरिकेत आढळणाऱ्या डँडेलियन या रानरोपाचे बीही असेच उडते. त्यावरून सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली एक इवलेसे यंत्र बनवले. त्याचे वजन सुमारे ३० मिलिग्रॅम! त्यात बॅटरी नाही. ते सूर्यप्रकाशावर चालते. ड्रोनमधून सोडल्यावर ते वाऱ्याबरोबर १०० मीटरपर्यंत जाते आणि तेथील तापमान, आर्द्रता व हवेचा दाब बिनतारी संदेशाने कळवते.

२०२३ साली त्याच विद्यापीठातील संशोधक विद्यार्थ्यांनी गळणाऱ्या पानांकडे पाहिले. एल्म वृक्षाचे पान गिरक्या घेत पडते, तर मेपलचे पान स्थिरपणे खाली उतरते. विद्यार्थ्यांनी पानासारखे यंत्र बनवले. ते उघडे असताना वाऱ्यावर भरकटते; हवेतच त्याची घडी पडली की सरळ खाली येते. प्रत्येक यंत्राची घडी वेगळ्या उंचीवर घालता येते, म्हणून ती दूरवर विखुरतात आणि उतरता उतरता हवेचे तापमान व आर्द्रता मोजतात.

याचा उपयोग काय? हवामान केंद्रे एकमेकांपासून दूर असतात. मधल्या रानावनातील हवेची माहिती अशा यंत्रांकडून मिळू शकेल. म्हणून हे संशोधन मला मोलाचे वाटते.

पण एक प्रश्न उरतो. जमिनीवर पडलेल्या यंत्रांचे पुढे काय? बी मातीत रुजते किंवा कुजते. त्याचा कचरा होत नाही. यंत्र मात्र तसेच पडून राहते. कोणी म्हणेल, “एवढ्याशा यंत्राने काय बिघडते?” मग प्लास्टिकची पिशवी तरी कोठे जड असते? एकेक करून त्यांचेच ढीग झाले ना! काही शास्त्रज्ञ आपोआप विरघळून जाणारी यंत्रे बनवण्याचा प्रयत्न करत आहेत. माझ्या मते, यंत्रे हजारोंच्या संख्येने उधळण्याआधी हे काम पूर्ण झाले पाहिजे.

मुलांनो, उडणे हा बीकडून शिकलेला अर्धा धडा आहे. मातीत मिसळून जाणे हा उरलेला अर्धा. उद्या तुमच्यापैकी कोणी संशोधक झाले, तर त्याने दोन्ही धडे शिकावेत.