हायब्रीड गाडीची बॅटरी आणि आपले उस्ताद

वाहनदुरुस्ती हा आपल्या समाजाचा जुना धंदा आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली अहवाल दिला. मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या व्यवसायांत जास्त आढळले, त्यांत समितीने मोटार दुरुस्तीचाही उल्लेख केला होता. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या आपल्या गावांत उस्तादाच्या हाताखाली स्पॅनर धरूनच अनेक मुले कमावती झाली. परंतु ज्या इंजिनाच्या आवाजावरून उस्ताद रोग ओळखत असे, ते इंजिनच आता सिग्नलवर बंद पडते आणि गाडी बॅटरीवर चालू लागते. या बदलाकडे आपल्या गॅरेजवाल्यांनी वेळीच पाहावे, यासाठी आजचा हा लेखप्रपंच.

जपानमध्ये टोयोटाने प्रियस ही हायब्रीड गाडी १९९७ साली बाजारात आणली. आपल्या देशात होंडाची सिव्हिक हायब्रीड २००८ साली आली, पण तिची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. खरा बदल २०२२ पासून झाला. त्या वर्षी होंडा सिटी, मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या गाड्या हायब्रीड स्वरूपात आल्या व पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, हैदराबादचा महामार्ग हिंगणघाटवरून जातो. या गाड्या आपल्या दारावरून रोज धावत आहेत.

या गाडीतील मोठी बॅटरी सुमारे दीडशे ते दोनशे व्होल्टची असते. ती कधी पूर्ण भरू दिली जात नाही आणि कधी पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही. आत किती चार्ज आहे हे थेट मोजण्याचे साधन नाही. गाडीचा कंट्रोलर आत आलेला व बाहेर गेलेला करंट मोजतो आणि त्यावरून शिल्लक काढतो. दुकानदार जमा-खर्चाची वही लिहितो तसाच हा प्रकार आहे. रोज चार आणे चुकले तरी वर्षाअखेरीस वही एक सांगते आणि गल्ला दुसरेच सांगतो. बॅटरीचेही तेच होते. मग काटा एकाएकी खाली पडतो, इंजिन विनाकारण चालू राहते, मायलेज घटते. अशा वेळी स्कॅनर लावून कंट्रोलरचा हिशेब पुन्हा खऱ्या शिल्लकेशी जुळवणे, यालाच बॅटरीचे कॅलिब्रेशन म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. वही जुळवल्याने गल्ल्यात पैसे वाढत नाहीत, तसे कॅलिब्रेशनने थकलेली बॅटरी तरुण होत नाही. म्हणून कामाला क्रम आहे. प्रथम स्कॅनरवर दिसणारे सर्व फॉल्ट कोड लिहून घ्यावेत, पुसू नयेत. नंतर गाडी चालवून बॅटरीच्या प्रत्येक गटाचे व्होल्टेज पाहावे. जोर पडताच एखादाच गट इतरांपेक्षा खाली बसत असेल तर दोष बॅटरीत आहे, हिशेबात नाही. त्यानंतर तापमान आणि बॅटरीचा पंखा तपासावा. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बऱ्याच गाड्यांत पंख्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. धूळ आणि कापसाचा भुगा तेथे बसला तर बॅटरी तापणारच. हे सर्व ठीक निघाले, तरच त्या कंपनीच्या पद्धतीप्रमाणे करंट सेन्सरचा शून्य व चार्जची नोंद नव्याने बसवावी. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी आहे. काही गाड्यांत हे काम गाडी स्वतःच करते. स्वस्त स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतो, पण बॅटरीच्या आत पोहोचेलच असे नाही.

जिवाचा प्रश्नही आहे. नारिंगी रंगाच्या केबलमधील करंट माणसाला मारू शकतो. स्कॅनर लावून आकडे पाहणे वेगळे आणि बॅटरी उघडणे वेगळे. उघडायची असेल तर सर्व्हिस प्लग काढणे, कंपनीने सांगितलेला वेळ थांबणे, उच्च दाबाचे रबरी हातमोजे घालणे आणि मीटरने शून्य व्होल्ट पाहणे यांतील एकही पायरी गाळता येत नाही. ज्याने हे शिकलेले नाही त्याने बॅटरीच्या झाकणाला हात लावू नये, आणि शागीर्दाला तर मुळीच लावू देऊ नये.

आता इमानदारीचा प्रश्न. स्कॅनरच्या एका बटणाने दिवा विझतो. कमजोर बॅटरीची गाडी दिवा विझवून विकता येते. गिऱ्हाइकाला महिनाभर काही कळत नाही. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. आमच्या मते स्कॅनर हा त्या राशीत घातलेला हात आहे. त्यावर जे दिसले ते गिऱ्हाइकाला दाखवावे, आकडे कागदावर लिहून द्यावेत आणि काम करण्यापूर्वीचे व नंतरचे दोन्ही द्यावेत. मापात खोट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये जी ताकीद आहे, ती तराजूइतकीच व्होल्टमीटरलाही लागू आहे.

कोणी म्हणेल की, या गाड्या कंपनीच्या शोरूमलाच जातात, आपल्याला काय? आज हे खरे आहे. टोयोटा आणि मारुती या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. तोवर आपण हात न लावणेच योग्य. परंतु २०२२ च्या गाड्यांची ही मुदत २०३० मध्ये संपेल आणि भाड्याने धावणाऱ्या गाड्यांचे किलोमीटर त्याआधीच भरतील. म्हणजे आपल्याजवळ थोडीच वर्षे आहेत. माहिती न देण्याची कंपन्यांची वृत्ती हीसुद्धा अडचण आहेच. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश केला. गॅरेजवाल्यांनी संघटित होऊन या हक्काचा पाठपुरावा केला पाहिजे.

उपकरण महाग आहे, हे मान्य. पण प्रत्येकाने ते घेण्याची गरज नाही आणि त्यासाठी व्याजाच्या कर्जात पडण्याचीही नाही. चार-पाच गॅरेजांनी भागीदारीत एक चांगला स्कॅनर घ्यावा, वापराप्रमाणे खर्च व उत्पन्न वाटून घ्यावे. मुशारकाची ही रीत आपल्या शरीअतने शिकवलेलीच आहे. आपल्या जमातींनी आणि ट्रस्टनी शिष्यवृत्ती देताना डॉक्टर-इंजिनिअरबरोबर आयटीआयच्या मुलांचाही विचार करावा.

हाताच्या कामातून शिक्षण देण्याची नई तालीम १९३७ साली वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत पुढे आली. तिचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते, जे पुढे राष्ट्रपती झाले. हाताला कळते ते डोक्याला कळावे आणि डोक्याला कळते ते हाताने करता यावे, हाच त्या विचाराचा गाभा होता. आपल्या उस्तादांच्या हातात हुनर आहे. त्याला वाचन, मीटर आणि इंग्रजीतील मॅन्युअल समजण्यापुरते शिक्षण यांची जोड हवी. प्रत्येक उस्तादाने यंदा आपला एक शागीर्द रात्रीच्या वर्गाला किंवा आयटीआयला पाठवावा आणि त्याची मजुरी कापू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.