कोळी म्हणजे कोंबडी

कन्नडमध्ये ‘कोळी’ म्हणजे कोंबडी आणि ‘कप्पे’ म्हणजे बेडूक. मराठी घरातून आलेल्या चार वर्षांच्या मुलाला माहीत असलेला कोळी जाळे विणतो, आणि कप्पे असतात ते कपाटाला. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातल्या अंगणवाडीत प्राण्यांचा विषय निघाला की हा घोळ ठरलेला. बाई तक्त्यावर बोट ठेवून ‘कोळी’ म्हणतात आणि मूल भिंतीचा कोपरा धुंडाळू लागते. समोर नुसता तक्ता असेल तर घोळ बराच वेळ चालतो. दारात खरी कोंबडी दाणे टिपत असेल तर लगेच मिटतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद म्हैसूर राज्यात आले. माणसांची वाटणी झाली. गुरांची भाषा मात्र दोन्हीकडे तीच राहिली, म्हणजे हाकायची. नावांची भाषा वेगळी.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की याने १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लहान मुलांच्या एका समजुतीची नोंद केली आहे. गाईला शाई म्हणायचे आणि शाईला गाय, असे ठरवले तर चालेल का, असे विचारल्यावर मुले नाही म्हणतात. कारण शाईने लिहितात आणि गाय दूध देते. नाव हा त्या वस्तूचाच एक भाग आहे, शिंगांसारखा किंवा शेपटीसारखा, असे या वयात वाटते. सीमाभागातल्या मुलाला या समजुतीतून बाहेर पडण्याची संधी इतरांपेक्षा लवकर मिळते. घरची म्हैस आईच्या तोंडी म्हैस असते, शेजारच्या आजीच्या तोंडी ‘येम्मे’, आणि दूध तेवढेच देते. हे भांडवल फार मोठे आहे. ते वापरले जाते की अडचण म्हणून बाजूला सारले जाते, हे बरेचसे अंगणवाडीच्या बाईंवर अवलंबून असते.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी प्राणी, मग त्याची नक्कल, मग चित्र आणि शेवटी शब्द, तोही दोन्ही भाषांतला. बाजारात मिळणारे तक्ते हा क्रम उलटा करतात. त्यांच्यावर जिराफ असतो, पेंग्विन असतो. शेळी असलीच तर परदेशी, पांढरीशुभ्र. बिदरच्या मुलाने पाहिलेली शेळी उस्मानाबादी जातीची, बहुधा काळीभोर असते. तक्त्यावरची पांढरी शेळी म्हणजे मेंढीच, असे त्याने ठरवले तर ते तर्काला धरूनच आहे.

वर्गीकरण हा या वयातला पायाभूत अभ्यास. त्यासाठी रंगीत ठोकळे विकत आणतात, पण या पट्ट्यात तो अभ्यास गोठ्यातच मांडून ठेवलेला आहे. लातूर आणि बिदर हा देवणी जनावरांचा मुलूख. या जातीत रंगावरून तीन प्रकार मानतात. अंग पांढरे आणि तोंड काळपट तो वानेरा; पांढऱ्या अंगावर पोटाकडच्या बाजूला काळे ठिपके असले तर बालंक्या; अंगभर वेडेवाकडे काळे डाग असले तर शेवरा. शेतकऱ्याचे पोर हे भेद पाहतच वाढते. कागदाच्या तीन बैलांवर कोळशाने ठिपके उमटवायला दिले, तर सारखे काय, वेगळे काय आणि डाग कोठे आहेत हे तिन्ही प्रश्न एका बैठकीत येतात. ‘वर’, ‘खाली’, ‘पोटाशी’ हे स्थानदर्शक शब्दही ओघात येऊन जातात. बिदरमध्ये पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे आणि जिल्ह्याच्या माळरानांवर काळविटांचे कळप दिसतात. एवढे जवळ असताना पेंग्विनपासून सुरुवात करण्याचे कारण कळत नाही.

हाताने करण्याच्या कामात मातीच्या बैलाला तोड नाही, आणि सीमाभागात त्याचा हंगाम दोनदा येतो. कन्नड घरांत ज्येष्ठातल्या कारहुणवीच्या पौर्णिमेनंतरच्या अमावास्येला मातीचे बैल पुजतात; तिचे नावच ‘मण्णेत्तिन अमावास्ये’, म्हणजे मातीच्या बैलांची अमावास्या. मराठी घरांत श्रावणी अमावास्येला पोळा. दोहोंत दोन महिन्यांचे अंतर आहे, आणि पहिल्या बैलातल्या चुका दुसऱ्यात सुधारायला ते पुरते. काळी माती चिकट. पाणी जास्त झाले तर बोटांना लोंबते, कमी झाले तर वळताना भेगा पडतात. पाच वर्षांचे मूल प्रथम पोट वळते आणि त्याला काडीएवढे चार पाय लावते. बैल बसतो, म्हणजे अक्षरशः बसतो. दुसऱ्या खेपेला पाय आखूड आणि जाड होतात. भार पेलायला आधार रुंद लागतो, ही गोष्ट कोणी सांगितलेली नसते. मग शिंगांना तुराट्यांचे तुकडे, डोळ्यांना जवारीचे दाणे. दाणा चिमटीत धरून नेमका जागेवर दाबणे ही पुढे पेन्सिल धरायची तयारीच. जवारीच्या चिपाडाची गाडी जोडली की चाके दोन, बैल दोन, पाय आठ असा हिशेबही होतो.

ही रीत जुनी आहे. ‘अंगणवाडी’ या शब्दाचे श्रेय ताराबाई मोडकांना दिले जाते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. माँटेसोरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नव्हती. त्यांच्या जागी बिया, शंख-शिंपले, खडे आले. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात गेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला हलले. तिथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढल्या: गुरे चरतात तिथेच शाळा. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि डहाणूच्या किनाऱ्यावरचा हा मराठी शब्द कर्नाटकासह देशभर गेला. कन्नड फलकावरही तो ‘अंगनवाडी’ म्हणून दिसतो. शब्द गेला, कुरण मागे राहिले.

कर्नाटकाने या दिशेने काहीच केले नाही असे नाही. १९९५ च्या सुमारास हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेली ‘नली-कली’ पद्धत पहिलीपासूनच्या वर्गांत कार्डे, गाणी आणि खेळ घेऊन आली. भाषेच्या बाजूला मात्र फट आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते. सीमाभागात मराठी शाळा आहेत त्या पहिलीपासून. तीन ते सहा हे वय त्याआधीचे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण या वयालाही पायाभूत टप्प्यात धरते आणि घरच्या भाषेवर भर देते. वर्गात ते उतरते ते बाईंच्या जिभेवरूनच.

उपाय स्वस्त आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर आई आणि पिल्लू अशी चित्रांची जोडकार्डे करायची आणि खेळ दोनदा खेळायचा. कन्नडमध्ये गाईचे ‘करु’. कुत्री, मांजर, शेळी, मेंढी या साऱ्यांच्या पिल्लांना ‘मरी’ चालते, म्हणून डाव झटपट संपतो. मराठीत गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू, हरिणीचे पाडस. डाव लांबतो आणि भांडणेही जास्त होतात. मराठीत ‘मरी’ म्हणजे पटकीसारखी साथ, हे मुलांना त्या वयात माहीत नसते. घरी जाऊन ती कुत्र्याच्या पिल्लाला मरी म्हणतात आणि आजीची बोलणी खातात.