सोन्याच्या पाळण्यातले विष

‘जालना सोने का पालना’ ही म्हण सभासमारंभांत आपण इतक्या अभिमानाने मिरवली आहे, की पाळण्यात मूल असते याचाच आपल्याला विसर पडला. ते मूल पाहायला फार लांब जावे लागत नाही. पहाटे, दुकानांची शटर उघडण्याआधी, खांद्यावर गोणी आणि दोरीला बांधलेले लोहचुंबक फरफटवत दहा-बारा वर्षांचा पोर भंगार वेचत निघतो. त्याच्या मोकळ्या मुठीत एक चिंधी असते आणि चार पावले चालली की ती मूठ नाकाशी जाते. चिंधीवर पंक्चर काढायचे सोल्युशन असते, नाहीतर कागदावरची चूक झाकायचे व्हाइटनर. त्याने वेचलेले लोखंड वजनावर विकले जाते, भट्टीत वितळते, त्याची सळई होते आणि घरांच्या स्लॅबमध्ये जाते. वेचणाऱ्याचे काय होते, ते विचारण्याची प्रथा नाही.

काय होते ते आम्ही सांगतो. या द्रव्यांतील टोल्युइन चरबीत सहज मुरते, आणि मेंदूतील तंतूंवरचे आवरण चरबीचेच असते. दिवसामागून दिवस ही वाफ ओढणाऱ्याचे ते आवरण झिजते. मग जीभ जड होते, बुबुळे थरथरतात, हात कापतात, चालताना तोल जातो आणि काल सांगितलेले आज आठवत नाही. काही सोल्युशनांत हेक्झेन असते. त्याचा घाला तळपायांपासून सुरू होतो: आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग पायातली चप्पल वाटेत गळून पडली तरी पत्ता लागत नाही. याहून भयंकर गोष्ट पुढेच आहे. या वाफेने हृदय असे हळवे होते की अकस्मात दचकल्याने रक्तात उसळणारे अॅड्रेनलिन त्याची लय मोडू शकते, आणि पहिल्याच वेळी ओढणाराही जागच्या जागी कोसळू शकतो. ‘गर्दुल्ला’ म्हणून काठी आपटत अशा पोराच्या मागे धावणाऱ्या सभ्य गृहस्थांनी हे एकदा नीट वाचावे. तुमची शिस्त त्याचा जीव घेऊ शकते.

युरोपातही तरुण असेच एक विष नाकातोंडाने घेत होते. फरक इतकाच, की ते फुग्यातून. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रोग्याला भूल देणारा हास्यवायू मौजेसाठी वारंवार ओढला की शरीरातील ब-12 जीवनसत्त्व निकामी होते, मज्जारज्जूवरचे आवरण खचते आणि धडधाकट विशीतली मुले कंबरेखाली पांगळी होऊन इस्पितळात येतात. तिथल्या सरकारांना जाग आली: नेदरलँड्सने जानेवारी 2023 पासून आणि ब्रिटनने त्याच वर्षी 8 नोव्हेंबरपासून तो अमली पदार्थांच्या यादीत घातला. (आपल्याकडे शाकाहारामुळे आणि निकृष्ट आहारामुळे ब-12ची तूट आधीच घरोघरी आहे, महानगरांतल्या हौशी मंडळींनी तो फुगा हाती घेताना तेवढे ध्यानात ठेवावे.) पण तिथे पाय लुळे पडले ते कुणाच्या तरी लाडक्या मुलांचे. आपल्या पोराचे पाय लुळे पडले तर त्याला कोण नेणार, कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या कागदावर कोणाचे नाव लिहून?

अज्ञानाची सबब इथे कुणालाही सांगता येणार नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हुंगण्याच्या नशेचे प्रमाण 10 ते 17 वर्षांच्या मुलांत 1.17 टक्के आणि प्रौढांत 0.58 टक्के आढळले. मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळलेली ही एकमेव नशा. 4 लाख 60 हजार मुलांना मदतीची गरज आहे, असेही तीच पाहणी सांगते. त्याआधी, 2012 साली, केंद्र सरकारने बाटलीतील व्हाइटनर आणि थिनरच्या विक्रीस मनाई करून ते पेनच्या रूपातच विकावे असे ठरवले होते. पंक्चरच्या सोल्युशनची नळी मात्र मोकळीच राहिली. बालन्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला दारू, तंबाखू, अमली वा मनोविकारी पदार्थ देणाऱ्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या कलमात सोल्युशनचे नाव नाही. कायद्याला गांजा ओळखता येतो, गोंद ओळखता येत नाही. म्हणून ज्या नशेने मेंदूच विरघळतो ती नशा कुणाच्या फायलीत बसत नाही, तिच्यावर गुन्हा नाही, छापा नाही, जप्ती नाही, आणि म्हणून, सरकारी हिशेबाने, ती नाहीच.

आणि समाज? ज्या महाराष्ट्रात बायाबापड्यांनी मतदान करून गावोगावी दारूची बाटली आडवी केली, त्याच महाराष्ट्रात ही इवलीशी बाटली उभीच आहे, कारण तिच्यामुळे कुणाच्या घरात मारझोड होत नाही. ती ओढणाऱ्याला घरच नसते. बलोपासना शिकवणारे समर्थ रामदास ज्या जांब गावी जन्मले ते गाव याच जिल्ह्यात. त्यांच्या जयंतीला आपण मुलांकडून मनाचे श्लोक घोकून घेतो, पारितोषिके वाटतो, आणि परतताना मन जळून चाललेल्या पोराकडे पाहून गाडीची काच वर करतो. शाळेच्या पटावरून त्याचे नाव गळले तेव्हा कुणी त्याच्या पालावर गेले नाही. भंगाराच्या काट्यावर मात्र त्याची रोज हजेरी लागते. हा दांभिकपणा नव्हे, तर काय?

आम्हाला परिसंवाद नकोत. भुकेल्या पोटी कडाक्याच्या रात्री रस्त्यावर निजायचे तर ही पोरे काहीतरी ओढणारच, तेव्हा आधी त्यांना रात्रीचा निवारा आणि गरम जेवण द्या. जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे या मुलांसाठी मोजक्या का होईना खाटा राखा आणि पोलिसांनी मूल आणले तर आधी त्याचे तळपाय तपासा, मग नाव विचारा. ज्यांना ते रस्त्यात दिसेल त्यांनी काठी न उचलता 1098 फिरवावा. आणि दुकानदारहो, सायकल नसलेला पोर दिवसातून तिसऱ्यांदा पंक्चरचे सोल्युशन मागायला येतो तेव्हा ते कशासाठी, हे तुम्हाला ठाऊक असते. त्याने गल्ल्यावर ठेवलेले पैसे त्याला परत करा. आजच.