पुस्तक हेही हत्यारच आहे

जून-जुलै महिना आला की आपल्या गल्लीतील घराघरांत दोन कागद फिरू लागतात. एक कॉलेजच्या फीची पावती आणि दुसरी पुस्तकांची यादी. पहिल्या कागदासाठी आपण धावपळ करतो. कुणाकडून उसने आणतो, भिशी लवकर उचलतो, प्रसंगी घरातला दागिना गहाण टाकतो. दुसरा कागद मात्र घडी घालून खिशात राहतो. "पुस्तकांचे पुढे बघू" असे म्हणतो आणि पुढे बघता बघता परीक्षा येते.

माझे हार्डवेअरचे दुकान आहे. मागच्या हंगामात ओळखीचा एक वेल्डर दुकानी आला. मुलाला पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला प्रवेश मिळाला म्हणून खुशीत होता. ग्राइंडर जळाला होता, तो नवा घेतला. भावात दोन शब्दही बोलला नाही. जाताना खिशातून यादी काढून म्हणाला, "चाचा, बारा पुस्तके लिहून दिलीत. एवढी कशाला लागतात? दोन गाइडे घेऊन दिली, बास झाले." मी विचारले, "ग्राइंडरऐवजी कानस घेऊन काम चालले असते का?" तो हसला. म्हणाला, "कानशीवर धंदा होतो का चाचा?"

वाचकहो, त्याच्या या उत्तरातच माझे म्हणणे आले. कारागीर हत्याराच्या बाबतीत कंजुषी करत नाही, कारण हत्यार हलके तर काम हलके, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शिकणाऱ्या मुलाचे हत्यार पुस्तक आहे. ते न देता त्याच्याकडून निकालाची अपेक्षा करणे म्हणजे सुताराला पटाशी न देता कपाट मागण्यासारखे आहे.

पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण आपण व्यापारी माणसे आहोत. माल कुठे स्वस्त मिळतो, कधी घ्यावा, किती जणांनी मिळून घ्यावा आणि वापरून झाल्यावर त्याचे काय करावे, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. ही अक्कल आपण कापड, लोखंड, फळे आणि भंगार यांच्या बाबतीत रोज वापरतो. पुस्तकाच्या दुकानात पाऊल ठेवताच ती बाहेर का ठेवतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी माल ओळखा

यादीतली सगळी पुस्तके सारखी नसतात. काही रोज वर्गात लागणारी क्रमिक पुस्तके असतात, तर काही संदर्भासाठी असतात आणि त्यातले एखादे प्रकरणच उपयोगी पडते. यादी हातात आली की मुलाने त्या त्या विषयाच्या शिक्षकांना सरळ विचारावे, "सर, यातले घ्यावेच लागेल असे कोणते?" बहुतेक वेळा बाराच्या यादीतून चार-पाच नावे उरतात. बाकीची ग्रंथालयातून वाचता येतात. कित्येक कॉलेजांत 'बुक बँक' असते. अनामत भरली की सत्रभर पुस्तके मिळतात. पण तिथे आधी येईल त्याला आधी, असा हिशेब असतो. आपली मुले महिनाभर उशिरा चौकशी करतात आणि हात हलवत परत येतात.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. एकाच पुस्तकाची परदेशी आवृत्ती आणि भारतीय आवृत्ती यांच्या किमतीत मोठा फरक असतो. परदेशी प्रकाशक आपल्या बाजारासाठी साध्या कागदावर स्वस्त आवृत्ती काढतात. हा फरक किती मोठा असतो, ते अमेरिकेतल्या एका खटल्यावरून कळते. सुपाप किर्तसाएंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी तिकडे शिकायला गेला होता. त्याने मायदेशातल्या नातेवाइकांकडून तीच पुस्तके स्वस्त आशियाई आवृत्तीत मागवली आणि अमेरिकेत विकली. प्रकाशकाने दावा लावला. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. ज्या स्वस्त आवृत्तीसाठी तिकडचे विद्यार्थी धडपडतात, ती आपल्याला शेजारच्या दुकानात मिळते. मात्र मागताना 'भारतीय आवृत्ती द्या' असे स्पष्ट सांगावे लागते. आयात केलेल्या छापील पुस्तकांवर २०१९ पासून ५ टक्के सीमाशुल्कही आहे, ते वेगळेच.

कराचेही समजून घ्या. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. तेव्हा पुस्तकाच्या बिलावर कुणी वेगळा जीएसटी लावला, तर तो कशाचा हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. मग पुस्तके महाग का? कारण कागदावर कर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्याने प्रकाशकाला त्या कराची वजावट मिळत नाही. तो कर किमतीत मुरतो. ज्याचे स्वतःचे जीएसटीचे खाते आहे त्याला हे लगेच उमजेल.

जुना माल, खरा हिशेब

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत माटुंग्याचे किंग्ज सर्कल, या ठिकाणी जुनी पुस्तके घेणे-देणे वर्षानुवर्षे चालत आले आहे. आपल्यातले काही लोक जुने पुस्तक घेणे कमीपणाचे मानतात. जुनी मोटारसायकल घेताना, जुना लूम घेताना हा कमीपणा कुठे जातो?

हिशेब मांडून पाहू. ६०० रुपयांचे पुस्तक पहिल्या मुलाने नवे घेतले आणि वर्षाने ३०० ला विकले. त्याला पडले ३००. दुसऱ्याने ३०० ला घेऊन २०० ला विकले, त्याला पडले १००. तिसऱ्याने २०० ला घेऊन १२० ला विकले, त्याला पडले ८०. चौथ्याने १२० ला घेतले आणि कपाटात ठेवून दिले, तरी त्याला १२०च पडले. एका पुस्तकावर चार मुले शिकली आणि सगळ्यांचे मिळून ६०० रुपयेच खर्च झाले. आता आपल्या घरात काय होते ते पाहा. पुस्तक नवे येते, परीक्षा झाली की माळ्यावर जाते आणि तीन वर्षांनी रद्दीत किलोवर निघते. ज्या मालाला निम्मा भाव मिळाला असता तो आपण किलोवर देतो. कुठला व्यापारी हे करील?

जुन्या मालात एक धोका आहे, अभ्यासक्रम बदलण्याचा. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेला २०१७-१८ पासून 'आय' योजना होती, २०२३-२४ पासून 'के' योजना आली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही २०२४-२५ पासून अभ्यासक्रम बदलले. त्यामुळे घेताना योजना, सत्र आणि विषयाचा कोड जुळतो का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पण हाच धोका उलटा करून पाहा. एकदा योजना लागू झाली की ती काही वर्षे टिकते. तेवढ्या काळात तेच पुस्तक हातोहात फिरू शकते. शिवाय गणिताची, पदार्थविज्ञानाची मूळ तत्त्वे काही योजनेबरोबर बदलत नाहीत. तिथे जुनी आवृत्ती बिनधास्त घ्यावी.

झेरॉक्स आणि नकली माल

इथे थोडे स्पष्ट बोलतो, कारण आपल्यातले कित्येक जण झेरॉक्स आणि छपाईच्याच धंद्यात आहेत. दिल्ली विद्यापीठातील एका झेरॉक्स दुकानावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दावा केला होता. वेगवेगळ्या पुस्तकांतील नेमलेली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना दिली, हे त्या दुकानाचे 'अपराध'. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठानेही शिक्षणाच्या कामासाठी केलेल्या प्रतींना कायद्यात जागा आहे हे तत्त्व मान्य केले आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तेव्हा शिक्षकाने नेमून दिलेल्या प्रकरणाची झेरॉक्स काढताना मुलाने चोरासारखे वागण्याचे कारण नाही.

पण याचा अर्थ अख्खे पुस्तक चोरून छापून विकायची मुभा मिळाली, असा मुळीच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. धंदा म्हणूनही तो खोटा आहे. नकली पुस्तकात आकृत्या पुसट असतात, पाने गहाळ असतात, आकडे चुकलेले असतात. आपल्या मालाची कुणी नक्कल केली तर आपण आरडाओरडा करतो. दुसऱ्याच्या मेहनतीलाही तोच न्याय लावला पाहिजे.

फुकटचेही घ्या, पण मर्यादा ओळखून

अकरावी-बारावीची बालभारतीची पुस्तके आणि एनसीईआरटीची पुस्तके त्या त्या संस्थांनीच मोबाइलवर फुकट उपलब्ध करून दिली आहेत. इंजिनिअरिंगसाठी आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटेल'वर आहेत. आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात पुष्कळ साहित्य आहे. हे जरूर वापरावे. मात्र एका खोलीत सहा माणसे, मधे एक मोबाइल आणि त्यावर चारशे पानांचे पुस्तक, हा अभ्यास होत नाही. मुख्य चार पुस्तके हातात हवीतच.

तालुक्याच्या गावी पुस्तक मिळत नाही, अशी तक्रार असते. डाक खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची सेवा सुरू केली. सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा तिचा दर होता, कर वेगळा. शहरातल्या नातेवाइकाने जुनी पुस्तके घेऊन पाच किलोचे पार्सल टाकले, तर एसटीच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त पडते.

आता आपले काम

इथवर जे सांगितले ते एकेका घराने करायचे. पण व्यापाऱ्याची खरी ताकद एकत्र येण्यात असते. एकाच कॉलेजात जाणारी दहा मुले मोहल्ल्यात असतील, तर दहा बापांनी दहा दुकाने का फिरावीत? एकाने दहा प्रतींची ऑर्डर द्यावी. पुस्तक विक्रेत्यालाही प्रकाशकाकडून कमिशन असते. दहा प्रतींच्या रोख गिऱ्हाइकाला तो त्यातले काही सोडतोच.

याच्या पुढची पायरी म्हणजे मोहल्ल्याची पुस्तकपेढी. यासाठी इमारत लागत नाही, एक लोखंडी कपाट आणि एक खातेवही पुरते. सरासरी ४०० रुपयांची पाच पुस्तके म्हणजे एका मुलाचा संच २,००० रुपयांचा. पंधरा दुकानदारांनी दोन-दोन हजार दिले की ३० हजारांत पंधरा संच उभे राहतात. मुलाकडून १,००० अनामत घ्यावी. पुस्तके नीट परत आली की झीज म्हणून २०० कापून ८०० परत द्यावेत. वर्षाला ३,००० रुपये जमतात, त्यातून फाटकी-हरवलेली पुस्तके नवी घ्यावीत. चार वर्षे संच टिकले तर साठ मुलांचे काम झाले. दात्यांचा खर्च पडला मुलामागे पाचशे, मुलाचा वर्षाला दोनशे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. पंधरा मुलांचे १५ हजार ही अमानत आहे, आपले भांडवल नाही. ती दुसऱ्या कशातही फिरवू नका आणि वर्षातून एकदा हिशेब कागदावर लिहून भिंतीवर लावा. आपल्या कित्येक चांगल्या संस्था पैशाअभावी बुडाल्या नाहीत, हिशेब न दाखवल्याने बुडाल्या.

कुणी म्हणेल, मुले पुस्तके परत देणार नाहीत. काही देणार नाहीत, हे खरे. पण उधारी बुडते म्हणून आपण दुकान बंद करतो का? बुडीत धरूनच भाव लावतो.

हे सारे आताच का, तर एक आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीनुसार २०१९-२० मध्ये देशातल्या कॉलेज-विद्यापीठांत सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते. २०२०-२१ मध्ये ते सुमारे १९ लाख २१ हजारांवर आले. ते करोनाचे वर्ष होते आणि घट होण्यामागे अनेक कारणे असतील. सगळा दोष पुस्तकांना देता येणार नाही. पण जो मुलगा पुस्तकावाचून वर्गात बसतो, पहिल्या सत्रात दोन विषयांत अडकतो आणि दुसऱ्या सत्रात बापाच्या दुकानावर येऊन बसतो, असा एक तरी मुलगा आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. दुकानावर बसण्यात वाईट काही नाही. त्याने ते स्वतः ठरवून करावे, चारशे रुपयांच्या पुस्तकाने त्याच्या वतीने ठरवू नये.

त्या वेल्डरच्या मुलाला आम्ही दोघा-तिघांनी मिळून पाच पुस्तके मिळवून दिली. तीन जुनी होती, दोन नवी. गाइडे त्याने ठेवली आहेत, मीही ठेव म्हटले. पाचही पुस्तकांच्या पहिल्या पानावर त्याच्या बापाने त्याचे नाव लिहिले आहे आणि खाली थोडी जागा मोकळी सोडली आहे. ती पुढच्याच्या नावासाठी आहे. या सुट्टीत आपापल्या माळ्यावर चढा आणि अशी मोकळी जागा असलेली किती पुस्तके धूळ खात पडली आहेत, ते मोजा.