दोस्तीला हजेरीपट कशाला?

बऱ्याच दिवसांनी कुणाला फोन केला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘आज कशी काय आठवण झाली?’ मग पुढची पाच मिनिटं खुलासे. सुनेचं बाळंतपण, गुडघ्याचं ऑपरेशन, घराचं रंगकाम. फोन करणारा आरोपी, आणि ज्याने इतक्या दिवसांत स्वतःही फोन केलेला नसतो तो न्यायाधीश! आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप तर याच्याही पुढे गेला आहे. स्नेहसंमेलनाला कोण कोण आलं नाही याची यादी ॲडमिन फोटोंखाली टाकतो आणि शेवटी रडका इमोजी लावतो. मी शिक्षिका होते, हजेरीपट आयुष्यभर भरला. तो दोस्तीतही भरावा लागेल असं वाटलं नव्हतं.

फ्रेंच गायिका फ्रांस्वाज आर्दीचं ‘लामितिए’ हे १९६५ सालचं गाणं मी अकरावीच्या वर्गात दर वर्षी लावायची. नावाचा अर्थ सरळ, मैत्री. पोरं फ्रेंच घेतात ती मार्क चांगले पडतात म्हणून, मोलिएरच्या प्रेमाखातर नव्हे; त्यांना क्रियापदांतून जरा सुट्टी मिळायची. गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. शब्द झाँ-माक्स रिव्हिएरचे, चाल जेरार बूर्जवाची. आर्दी स्वतः गाणी लिहायची, पण हे तिचं नव्हे. तेव्हा ती २१ वर्षांची होती. आवाज कुठेही चढवत नाही, आर्जव करत नाही. शेजारी बसून सांगितल्यासारखं गाते.

तो काळ मात्र गोंगाटाचा होता. ‘साल्यू ले कोपँ’, म्हणजे ‘दोस्तहो, नमस्कार’, या नावाचा रेडिओ कार्यक्रम १९५९पासून फ्रान्समधल्या पोरासोरांना वेड लावत होता. १९६२मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं. मासिकाला वर्ष झालं म्हणून २२ जून १९६३ रोजी पॅरिसच्या नासिओं चौकात फुकट जलसा ठेवला, तर लाखाच्या वर तरुण आले. दोस्ती हा तेव्हा खपणारा माल होता: रेकॉर्डी, पोस्टरं, एकसारखे कपडे. आर्दीही याच बाजाराने मोठी केलेली गायिका. ऑक्टोबर १९६२मध्ये सार्वमताच्या निकालांच्या मध्ये टीव्हीवर गायली आणि देशभर माहीत झाली. पण स्टेजची तिला धास्तीच. १९६८मध्ये तिने जाहीर कार्यक्रम सोडले ते सोडलेच. दोस्तांच्या त्या जत्रेत ती म्हणते काय, तर मित्र ढगांतून येतात, थोडा वेळ ऊब घ्यायला आपल्याकडे टेकतात आणि पुन्हा निघून जातात. त्यांची निष्ठा कशी, तर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसारखी.

यावर वर्गात एकदा एका मुलाने हात वर केला. ‘मॅडम, जो पक्षी सोडून जातो तो एकनिष्ठ कसा?’ प्रश्न बिनतोड होता. मी त्याला विचारलं, भिगवणला गेला आहेस का? उजनीच्या पाण्यावर रोहित येतात, मुक्काम करतात, निघून जातात. पुन्हा येतात तेव्हा होडीवाला त्यांना ‘इतके महिने कुठे होतात’ असं विचारत नाही. वर्ग हसला. त्या मुलाचं किती समाधान झालं, कोण जाणे.

हे गाणं खऱ्या अर्थाने पचवलं ते देनी आर्काँ या क्वेबेकच्या दिग्दर्शकाने. त्याचा ‘द बार्बेरियन इन्व्हेजन्स’ हा २००३चा सिनेमा. पुढच्या वर्षी त्याला परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. रेमी हा माँट्रियलचा इतिहासाचा प्राध्यापक, बायकांच्या मागे लागलेला, तोंडाळ, आता कॅन्सरने मरायला टेकलेला. लंडनमध्ये बक्कळ पैसे कमावणारा मुलगा येतो आणि चिरीमिरी देऊन बापाला गर्दीच्या इस्पितळात खोली मिळवून देतो. बापाला बरं वाटावं म्हणून त्याच्या विद्यार्थ्यांना पैसे देऊन भेटायलाही आणतो. विद्यार्थी येतात, ‘सर, तुमची आठवण येते’ म्हणतात. एक मुलगी मात्र नंतर पैसे घेत नाही, आणि तिथे आपण खुर्चीत जरा सावरून बसतो.

जुन्या मित्रमैत्रिणींना पैसे द्यावे लागत नाहीत. मुलगा फोन करतो, ते येतात. एक तर थेट रोमहून. त्यांच्यात रेमीच्या जुन्या प्रेयसी आहेत, वेगळी झालेली बायकोही आहे. तळ्याकाठच्या घरात सगळे जेवतात, वाइन पितात, तरुणपणी डोक्यावर घेतलेल्या एकेका ‘इझम’वर खदाखदा हसतात. ‘इतकी वर्षं कुठे होतास?’ हा हिशेब कुणी मांडत नाही. या माणसांच्या सोबतीत, स्वतः ठरवून, रेमी जातो. आणि शेवटाला आर्दीचा आवाज येतो.

आर्दीचं स्वतःचं आयुष्यही याला धरूनच होतं. छायाचित्रकार झाँ-मारी पेरिए तिचा पहिला मोठा प्रियकर. प्रेम संपलं, दोस्ती आयुष्यभर टिकली. नवरा झाक द्यूत्राँ पुढे वेगळा राहू लागला, कॉर्सिकाला. घटस्फोट दोघांनीही घेतला नाही. कॅन्सरवरच्या उपचारांत तिचं गाणं बंद झालं. डिसेंबर २०२३मध्ये तिने राष्ट्राध्यक्ष माक्रों यांना खुलं पत्र लिहून सुखाने मरण्याची मुभा देणारा कायदा मागितला. कायदा होण्याआधीच, जून २०२४मध्ये, ती ८०व्या वर्षी गेली.

म्हणजे मित्रांनी वर्षानुवर्षं तोंड दाखवू नये का? तसं नाही. त्या गाण्यात पुढे गाणारीही म्हणते की उद्या माझ्यावर वेळ आली तर मीच तुझ्या दारी शेकायला येईन. हजेरी माफ आहे, हाकेला ओ द्यायची माफी नाही. आपण नेमकं उलट करतो. वाढदिवसाला केक-फुलांचे मेसेज न चुकता टाकतो, आणि कुणी दवाखान्यात पडला की ‘गेट वेल सून’ लिहून फोन खिशात घालतो. माझी एक मैत्रीण लग्नानंतर भुवनेश्वरला गेली. मध्ये कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. परवा फोन केला तर म्हणाली, ‘थांब गं, भाजी टाकलीय, गॅस बारीक करते,’ आणि परत येऊन थेट माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारलं. कुणाकडून कळलं होतं, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन डिसेंबरात आहे. ॲडमिनला मी कळवलं आहे की गैरहजरांची यादी यंदा बंद कर. त्याऐवजी आपल्यातल्या दोघांचं डायलिसिस चालू आहे, त्यांचे वार आणि वेळा टाक. सोबत जायला माणूस लागतो. मंगळवार मी घेतला आहे.