कायदा आणि आपण : कागदावर नाव कोणाचे?

वकिलाकडे येणारी बहुतेक माणसे खून-मारामारीचे खटले घेऊन येत नाहीत. त्यांच्या पिशवीत बँकेची ठेवपावती असते, सातबाऱ्याचा उतारा असतो, एखादे जुने बक्षीसपत्र असते. आणि प्रश्न ठरलेला असतो, ‘कागदावर अमक्याचे नाव आहे, मग आमचे काय?’ या सदरासाठी आलेल्या पत्रांतही हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा विचारला जातो. म्हणून या वेळी त्यातलीच पाच पत्रे निवडली आहेत.

वारसाहक्काविषयीची उत्तरे हिंदू वारसा कायद्याला धरून दिली आहेत. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांचे वारसाहक्काचे नियम वेगळे आहेत.

ठेवीवर सासूबाईंचे नाव

प्रश्न : माझे पती पाच महिन्यांपूर्वी हृदयविकाराने अचानक वारले. मला दोन लहान मुले आहेत. पतींची बँकेत चार लाखांची मुदतठेव आहे. ती लग्नापूर्वी ठेवलेली असल्याने त्यावर नॉमिनी म्हणून सासूबाईंचे नाव आहे. दीर म्हणतात, ‘नाव आईचे आहे, तेव्हा पैसे आईचे. तुझा त्यावर काही अधिकार नाही.’ पतींनी मृत्युपत्र केलेले नाही. हे खरे आहे का? — एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : तुमच्या दिरांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बँक ठेवीची रक्कम सासूबाईंच्या हाती देईल हे खरे. पण त्यामुळे त्या पैशाच्या मालक होत नाहीत. नॉमिनी म्हणजे बँकेकडून रक्कम स्वीकारणारी व्यक्ती. पैसे तिला दिले की बँकेची जबाबदारी संपते. ती रक्कम पुढे कायदेशीर वारसांमध्ये वाटली गेली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने बँकेतील ठेवींबाबत २०१० साली आणि शेअर्सबाबत २०२३ साली असाच निर्णय दिला आहे.

मृत्युपत्र नसेल तर पत्नी, प्रत्येक मूल आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस असतात आणि त्यांचे हिस्से समान असतात. तुमच्या बाबतीत चार वारस आहेत, म्हणजे प्रत्येकाचा एक लाख. मुले अज्ञान असल्याने त्यांचे हिस्से आई या नात्याने तुम्ही सांभाळायचे. दिरांचा यात काहीही हिस्सा नाही. मात्र सासूबाईंचा चौथा हिस्सा त्यांच्या हक्काचा आहे, तो नाकारू नका. मुलगा त्यांनीही गमावला आहे. दिरांना बाजूला ठेवून तुम्ही दोघी एकदा बोललात तर कदाचित प्रश्न घरातच सुटेल.

तसे झाले नाही तर वेळ दवडू नका. बँकेला नुसता अर्ज देऊन रक्कम थांबेलच असे नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम लागतो. वारसा प्रमाणपत्रासाठीही न्यायालयात अर्ज करावा लागेल. पैसे एकदा काढून खर्च झाले की हक्क असूनही वसुलीला वर्षे लागतात.

विम्याची गोष्ट थोडी निराळी आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी, मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर कायदा त्याला लाभाचा हक्कदार मानतो. या तरतुदीच्या अर्थावरून न्यायालयांत वाद झालेले आहेत. तेव्हा पतींची विमा पॉलिसी असेल तर ती वकिलांना स्वतंत्रपणे दाखवा.

‘फक्त एक सही कर’

प्रश्न : माझे माहेर सातारा जिल्ह्यात. लग्न १९८८ साली झाले. आई आधीच गेली होती, वडील २००१ साली मृत्युपत्र न करता वारले. वडिलोपार्जित शेती आहे आणि वडिलांनी स्वतःच्या पगारातून बांधलेले घर आहे. आम्ही दोन भाऊ आणि मी. भाऊ म्हणतात, ‘तुझ्या लग्नात खर्च केला, आता तुझा हक्क राहिला नाही. फक्त हक्कसोडपत्रावर एक सही कर.’ मला भावांशी वाकडे घ्यायचे नाही. माहेर तुटेल याची भीती वाटते. काय करू? — एक वाचक भगिनी, बडोदा

उत्तर : हक्क राहिलाच नसता तर तो सोडण्यासाठी सही कशाला लागली असती? भावांनी सही मागितली यातच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

घर वडिलांच्या स्वकष्टाचे आहे. अशा मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. तेव्हा घरात तुमचा एक तृतीयांश हिस्सा आहे. वडिलोपार्जित शेतीत मुलीला जन्मतःच मुलासारखा हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर बराच काळ मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की, तशी अट नाही. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, यानेही फरक पडत नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी झालेली असेल तर ती मोडता येत नाही. ‘तेव्हाच तोंडी वाटणी झाली होती’ एवढे सांगून सहसा भागत नाही. सातबाऱ्यावर केवळ भावांची नावे असतील तरी घाबरू नका. ती नोंद महसुलासाठी असते, तिच्यामुळे मालकी ठरत नाही. लग्नात खर्च केला म्हणून वारसाहक्क संपतो, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

आता सहीविषयी. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झाले की नंतर मन बदलले म्हणून ते रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, आणि फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तर कधीच सही करू नका, मग समोर सख्खा भाऊ का असेना.

माहेर टिकवायचे असेल तर सही आणि भांडण यांच्या मधलाही मार्ग आहे. शेती भावांकडे राहू द्या आणि घरातली एखादी खोली किंवा ठरावीक रक्कम स्वतःकडे घ्या. तसे वाटणीपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. सगळाच हक्क भावांना द्यावा असे मनापासून वाटत असेल तर तोही तुमचा अधिकार आहे. पण काय सोडत आहोत हे पूर्णपणे समजून घेऊन मगच सोडा.

घर दिले, आता मुलगा विचारत नाही

प्रश्न : मी ६८ वर्षांची विधवा आहे. २०१९ साली राहते घर एकुलत्या मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले. तेव्हा तो म्हणाला होता, ‘आई, तुला कधी काही कमी पडू देणार नाही.’ आता मला मागच्या खोलीत ठेवले आहे, औषधालाही पैसे देत नाहीत, आणि सून घर सोडायला सांगते. घर परत मिळेल का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : बक्षीसपत्र एरवी मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. परंतु ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्यात कलम २३ आहे. साठ वर्षांवरील व्यक्तीने सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. अडचण असते ती ‘अट’ सिद्ध करण्याची. ही अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या खटल्यात न्यायालयाने या कायद्याचा उदारपणे अर्थ लावला. बक्षीसपत्रात मुलगा आईचा सांभाळ करतो असा उल्लेख होता आणि वेगळ्या वचनपत्राचाही आधार होता. न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द ठरवून घराचा ताबा आईला परत देण्याचा आदेश दिला.

म्हणून आधी आपले बक्षीसपत्र बाहेर काढा. ते जवळ नसेल तर नोंदणी कार्यालयातून नक्कल मिळते. त्यात सेवा, सांभाळ असा कुठे शब्द आहे का ते पाहा. त्या सुमारास मुलाने लिहिलेली चिठ्ठी, पत्र, मोबाइलवरचा संदेश असे काही असेल तर तेही जपून ठेवा. मग उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करा.

अट सिद्ध झाली नाही तरी पोटगीचा हक्क त्यावर अवलंबून नाही. हेच न्यायाधिकरण मुलाला केंद्राच्या कायद्यानुसार दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश देऊ शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, आणि फार तर आणखी ३० दिवसांत, अशा अर्जाचा निकाल द्यावा असे कायदा सांगतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि एक महत्त्वाचे, रागाच्या भरात घर सोडून जाऊ नका.

साध्या कागदावरचे मृत्युपत्र

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. मला पत्नी आणि दोन विवाहित मुली आहेत. फ्लॅट पती-पत्नींच्या संयुक्त नावावर आहे. पुतण्या म्हणतो, ‘काका, नोंदणी नसलेले मृत्युपत्र कचऱ्याच्या किमतीचे.’ शिवाय मुलगा नसल्याने पुढे घराण्यातल्या पुरुषाचा हक्क येतो असेही तो सुचवतो. — एक वाचक, बेळगाव

उत्तर : पुतण्याच्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. आवश्यक आहे ती आपली सही आणि आपल्या समक्ष सह्या करणारे किमान दोन साक्षीदार. ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे तो साक्षीदार नसलेला बरा. साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान असावेत, म्हणजे पुढे गरज पडली तर ते साक्ष द्यायला असतील. आपल्या वयाचा विचार करता त्याच सुमारास डॉक्टरांचा दाखला घेऊन ठेवा. नोंदणीही करून घ्यावी असे मी सुचवीन, कारण त्यामुळे पुढची शंका-कुशंका कमी होते. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते, शेवटचे असेल ते ग्राह्य धरतात.

संयुक्त फ्लॅटमधल्या फक्त आपल्या हिश्श्याचीच व्यवस्था आपण लावू शकता. आणि मृत्युपत्र नसले तरी आपली मालमत्ता पत्नी आणि दोन्ही मुली यांच्यात समान वाटली जाईल. त्या असताना पुतण्याला वारस म्हणून काहीही मिळत नाही.

दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये

प्रश्न : लग्नाला चार वर्षे झाली. लग्नात माहेरून आणि सासरहून मला मिळालेले सगळे दागिने ‘सुरक्षित राहतील’ म्हणून सासूबाईंनी आपल्या लॉकरमध्ये ठेवले. आता मी माहेरी आले आहे आणि ते दागिने मागितले तर ‘ते घराण्याचे आहेत’ असे उत्तर मिळते. — एक वाचक भगिनी, हैदराबाद

उत्तर : लॉकर कोणाच्या नावावर आहे याने दागिन्यांची मालकी ठरत नाही. तुम्हाला भेट म्हणून मिळालेले दागिने हे तुमचे स्त्रीधन आहे. ते सासरच्यांकडे केवळ विश्वासाने ठेवलेले असते, आणि मागूनही परत न करणे हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. स्त्रीधन परत मिळवण्यासाठी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो.

खरी लढाई पुराव्याची असते. सराफाच्या पावत्या, दागिने घातलेले लग्नातले फोटो आणि चित्रफीत, देणाऱ्या नातलगांची नावे हे सगळे गोळा करून यादी तयार करा. मग वकिलामार्फत लेखी मागणी पाठवा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

ही पत्रे वाचून झाली की घरातली कागदपत्रांची पेटी एकदा उघडून पाहा. जुन्या ठेवींवर नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे? लग्नानंतर, मुले झाल्यावर ते बदलले का? १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, त्याचा फायदा घ्या. भविष्य निर्वाह निधीचा अर्ज नवा भरा. आणि कोणी ‘फक्त एक सही’ मागितली तर तो कागद एक दिवस घरी ठेवून घेऊन शांतपणे वाचा. एक दिवस थांबायलाही जो नकार देतो, त्याचा कागद आधी वकिलाला दाखवा.